माशी टाकणारे आबा

इतर माणसांना राग येतो. आबांना तो येत नसे, कारण तो कधी गेलेलाच नसे. सकाळी चूळ भरताना ते नळाच्या पाण्यावर रागावलेले असत, उन्हं वर आली की पोस्टमनवर, दुपारी नगरपालिकेवर आणि दिवेलागणीला दिल्लीच्या सरकारवर. जेवताना कोणावर रागावत असतील ते काकूंनाच ठाऊक. काकूंना कमी ऐकू येत असे, आणि ते त्यांनी हळूहळू मुद्दामच कमी करून घेतलं असावं असं मला वाटे.

धुळ्याच्या इस्पितळात मी नर्स म्हणून लागले तेव्हा आई आणि मी पारोळ्याहून आलो आणि देवपुरात आबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहू लागलो. पहिल्याच सकाळी आई घाबरून मला उठवायला आली. मालक अंगणात उभे आहेत, डोक्यावर साहेबी टोपी आहे, हातात लांब काठी आहे आणि ते हवेला मारताहेत, म्हणाली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. धोतर, त्यावर कोट, त्यावर ती टोपी. काठीच्या टोकाला दोरी होती, दोरीच्या टोकाला पांढऱ्या लोकरीचा लहानसा गोंडा. काठी मागे जाई, क्षणभर थांबे, पुढे येई आणि पुन्हा थांबे. दोरी हवेत वळसा घेत त्यांच्या डोक्यावरून उलगडत जाई आणि तो गोंडा अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या पितळी परातीत जाऊन बसे. आवाज होत नसे. आवाज झाला तर आबा स्वतःलाच शिवी देत.

निवृत्त होण्याआधी ते पाटाच्या खात्यात अधिकारी होते. पांझरा नदीवरचे सगळे बंधारे आणि शेतांच्या फडांना पाणी वाटणारे पाट त्यांच्या पायाखालचे. माशी टाकून मासा धरायचं हे वेड त्यांना त्यांच्या वरच्या इंग्रज साहेबाकडून लागलं. त्या साहेबाचा उल्लेख त्यांनी कधी चांगला केला नाही. इतकी वर्षं हाताखाली काम केलं, पण त्याने मला एकदाही बस म्हटलं नाही, असं ते सांगत. दौऱ्यावर साहेब नदीत उतरे आणि आबांनी काठावर उन्हात उभं राहून हिशेबाचे कागद धरायचे. कागद धरून ते त्याचं मनगट बघत राहिले. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. सगळे लोक खुर्च्या आणि काचसामान बघत होते, आबांनी ती काठी उचलली. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेली, सहा पैलूंची, पेन्सिलीसारखी. सोबत रेशमी दोरी. ती दोरी ते रोज संध्याकाळी चरबी लावून पुसत आणि दोन खुंट्यांवर वाळत टाकत. काकूंचं लुगडं त्या खुंट्यांवर दिसलं तर घरात भांडण.

माशी म्हणजे खरी माशी नव्हे. आकड्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून आणि मोरपिसाचा एखादा धागा लावून ते माशीसारखं काहीतरी करत. ते पाण्यावर पडलं की खालून खडस मासा वर येतो. गळाला गांडूळ लावून बसणाऱ्यांचा त्यांना तिरस्कार होता. आणि एवढं करून ते मासा खात नसत. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असे. धरलेला मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात. गल्लीतला एक व्यापारी एकदा त्यांना म्हणाला, खायचा नाही तर धरता कशाला? आबा म्हणाले, तुम्ही देवळात जाता ते देव घरी आणायला जाता का? त्यानंतर त्या व्यापाऱ्याशी त्यांचं कायमचं वाकडं झालं. व्यापाऱ्याने मनाला लावून घेतलं नव्हतं, आबांनीच घेतलं.

मी एकदा त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनी ते पाहिलं आणि काठी माझ्यापुढे धरली.

"हसतेस? ये. टाक."

इस्पितळाची साडी नेसलेली होती, ड्यूटीवर जायचं होतं. मी टाकली. दोरी माझ्याच अंबाड्यात गुंतली. शेजारच्या गच्चीवरून बायका बघत होत्या. आबांनी दोरी सोडवली आणि असे ओरडायला लागले की मी जणू त्यांचं घर पेटवलं होतं. त्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. मला विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही. आईला हे आवडलं नाही. कुठल्या मुलीला कोणी हे शिकवत होतं त्या काळी.

शिकवण्यात गोडवा नव्हता. जोर लावू नकोस, असं जोरात ओरडायचे. वेग हळूहळू वाढव आणि मग एकदम थांब. थांबलीस तरच वळसा पडतो; थांबली नाहीस तर दोरी नुसती धुण्यासारखी पडते. मनगट मोडलंस की वळसा दरवाजाएवढा उघडतो आणि सगळा वारा त्यात शिरतो. काठीचं टोक सरळ जाऊ दे, म्हणजे वळसा चिंचोळा होतो आणि वाऱ्याला कापत जातो. मागची दोरी पूर्ण उलगडेपर्यंत पुढे यायचं नाही. मध्येच हिसका दिलास तर दोरी दोरीलाच छेदते आणि हवेतल्या हवेत गाठ बसते. आणि माशी पाण्यावर टाकायची नाही. पाण्याच्या हातभर वर, हवेत एक जागा धरायची आणि तिथे टाकायची. खाली ती आपली आपण उतरते. माझ्या दोरीला गाठ बसली की ते ती सोडवत बसत आणि सोडवताना खात्यातल्या एकेका माणसाला आठवून शिव्या देत. एक गाठ, एक माणूस.

शिकले मी. परातीत नाही, पण परातीजवळ पडायला लागली.

साक्रीच्या बाजूला पांझरेचा एक डोह होता. उन्हाळ्यात नदी आटली तरी तिथे पाणी असे, काळं, खोल, वर उंबराची सावली. आबा महिन्यातून एकदोनदा एसटीने तिथे जात. खडस मोठे होते तिथे, ते प्रत्येकाला ओळखत असल्यासारखं बोलत. मग त्या बाजूला रस्त्याच्या पुलाचं काम निघालं, वरच्या टेकडीत दगडाची खाण सुरू झाली, आणि खाणीतल्या सुरुंगाच्या कांड्या नदीत यायला लागल्या. कांडी पेटवून डोहात टाकायची. दणका झाला की मासे पोट वर करून तरंगतात, मोठे, लहान, अंड्यावरचे, सगळे. चांगले निवडून घ्यायचे आणि बाकीचे कुजायला सोडायचे. कंत्राटदाराकडे पाहुणे आले, साहेब लोक आले, की मुकादम मजुरांना डोहावर पाठवी. आबांनी अर्ज केले, ओरडले, मामलेदाराच्या टेबलावर मेलेला मासा नेऊन ठेवला. वास आला म्हणून शिपायाने त्यांना बाहेर काढलं.

एका दुपारी ते डोहाच्या वरच्या अंगाला सावलीत उभे होते. समोरच्या काठावर मुकादम आणि एक मजूर उतरले. मुकादमाने विडीवर वात पेटवली आणि कांडी त्या मजुराच्या हातात दिली. वात आखूड होती. मजुराने हात उचलला तेव्हाच ती फुटली.

मुकादम पळाला. आबा कोटासकट पाण्यात शिरले आणि पलीकडे गेले. माणसाचा उजवा हात मनगटापासून नव्हता आणि रक्त थांबत नव्हतं. आबांनी रिळातली रेशमी दोरी ओढली, तिचा मधला तुकडा दाताने तोडला आणि कोपराच्या वर आवळून बांधला. खाणीच्या ट्रकसमोर आडवे उभे राहून त्यांनी ट्रक थांबवला. ड्रायव्हर आधी नको म्हणत होता. आबा त्याला काय म्हणाले ते त्याने मला नंतर सांगितलं, मी ते लिहिणार नाही.

इस्पितळात मी होते. त्या दंडावर काळी, चरबी लावलेली दोरी रुतलेली बघितली आणि आबा कुठे आहेत हे बघायला मान वर केली. ते दारात उभे होते, ओले, टोपी नाही. डॉक्टर म्हणाले, ही कोणी बांधली? बांधली नसती तर हा इथपर्यंत आला नसता. मी कात्रीने दोरी कापली. संध्याकाळी घरी आबांनी विचारलं, कापलीस? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरं केलंस. मग आत जाऊन त्यांनी उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडले. तसली दोरी आता इकडे मिळत नव्हती. जोडाची गाठ काठीच्या कड्यांमधून जाताना खट्ट वाजायची आणि दर खट्टला आबा दात खायचे.

त्या मजुराचं नाव सुकलाल. तो भिल्ल, पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यातला. बायको जमनी त्याच्या उशाशी जमिनीवर बसून असे, कोणाशी बोलत नसे. आठवडाभरातच पोलीस आले. कंत्राटदाराने सांगितलं होतं की सुकलालने खाणीच्या कोठीतून कांडी चोरली, तो दारू प्यालेला होता आणि मासे मारायला गेला. तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे तोही गुन्हा. मी पोलिसाला सांगितलं की माणूस आला तेव्हा मी त्याच्या तोंडाजवळ होते आणि दारूचा वास मला कळतो. पोलीस म्हणाला, बाई, तुम्ही औषधं द्या. मला आजही तो माणूस रस्त्यात भेटला तर मी त्याला सोडणार नाही.

सुकलाल एवढंच म्हणत राहिला, "माले मुकादमनी दिन्हं. त्यानीच सांगं, फेक." ज्याला त्याला हेच सांगे. भिंतीलासुद्धा.

खटला उभा राहिला तेव्हा आबा सुकलालच्या बाजूने साक्षीला गेले. मी रजा काढून गेले होते. वकील मंडळींना आबा माहीत होते. निम्म्या कोर्टाशी त्यांची भांडणं होती. सरकारतर्फे जो वकील होता तो मऊ आवाजाचा. त्याने आबांना वय विचारलं, चष्म्याचा नंबर विचारला, नदीचं पात्र किती रुंद आहे हे विचारलं. ऊन समोरून होतं ना? तुमचं सगळं लक्ष त्या तुमच्या माशीवर होतं ना? मग पलीकडच्या काठावर कोणी कोणाच्या हातात काय दिलं, हे तुम्हाला कसं दिसलं? लोक हसले.

आबा म्हणाले, "लक्ष माशीवर होतं म्हणूनच दिसलं. काठावर पाऊल वाजलं की मासा बुडतो. कोण गाढव आलं ते बघायला मी मान वर केली."

वकील म्हणाला, एवढ्या लांबचं दिसतं म्हणता, त्याला पुरावा काय? आबांचा चेहरा लाल झाला. बाहेर अंगणात या, म्हणाले. मला वाटलं आता हे वकिलाला मारणार. पण त्यांनी काठी आणली होती, दाराशी शिपायाकडे ठेवली होती. न्यायाधीश कंटाळलेले होते आणि जेवणाची सुट्टी व्हायची होती. ते म्हणाले, बघू या.

कोर्टाच्या आवारात गर्दी झाली. वकिलाने खिशातून तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि लांब, वडाच्या पारावर नेऊन ठेवली. पारावरची माणसं बाजूला झाली. आबांनी काठी जोडली. रागाने ते वकिलाकडेच बघत होते. त्यांनी दोरी मागे टाकली आणि तिला उलगडूही न देता पुढे ओढली. माशी मागच्या निंबात अडकली. आवार हसलं. वकील तर रुमाल काढून डोळे पुसायला लागला. मी आबांना असं कधी बघितलं नव्हतं. मला जे ओरडून ओरडून शिकवलं ते ते स्वतः विसरले होते, आणि हे त्यांना कळलं होतं.

एका पोराने झाडावर चढून माशी सोडवली. आबा उभे राहिले. डोळे मिटले. मी मनात म्हटलं, मागची उलगडू द्या. त्यांनी काठी उचलली, दोरी मागे गेली, सरळ झाली, ते थांबले, आणि पुढे आली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, दर वेळी थोडी अधिक लांब. जोडाची गाठ कड्यांत खट्ट वाजली. मग वळसा सुटला. चिंचोळा, लांबट, डोक्यांवरून पुढे सरकणारा. डबीच्या हातभर वर दोरी ताठ झाली आणि माशी तपकिरीत उतरली. तपकिरीची बारीक धूळ उडाली तेवढीच.

न्यायाधीश व्हरांड्यात उभे होते. ते म्हणाले, "साक्षीदाराला दिसतं."

चोरीचा आरोप टिकला नाही, दारूचाही नाही. डॉक्टरांनी वासाबद्दल माझ्याच बाजूने सांगितलं. सुकलाल सुटला. लोकांनी आबांच्या पाठीवर थापा मारल्या आणि आबांनी त्या झटकून टाकल्या. निकाल वाचून झाला तेव्हा ते जागेवरून उठले आणि म्हणाले, "आणि हाताचं काय?" न्यायाधीश म्हणाले, तो प्रश्न या कोर्टापुढे नाही. आबा म्हणाले, मग तो कोणापुढे आहे तेवढं सांगा, मी तिथे जातो. त्यांना बसवण्यात आलं. मुकादमाला कोणी हात लावला नाही. कंत्राटदाराने पुलाचं काम पुरं केलं, हार घालून घेतले.

त्यानंतर काही दिवसांनी कंत्राटदार स्वतःच आबांकडे आला. गाडीतून. गोड माणूस, पानाची चांदीची डबी, बोटात अंगठ्या. झालं गेलं विसरा म्हणाला. मुंबईहून मोठे साहेब लोक येणार आहेत, त्यांना ही साहेबी शिकार आवडते, आबांनी आपल्याला थोडं शिकवावं. मी ओसरीवर होते. मला वाटलं आबा त्याला ढकलून काढतील. आबा म्हणाले, शिकवतो.

अंगणात नेऊन त्यांनी आपल्या उपरण्याने त्याचा उजवा हात पाठीमागे बांधला. तो हसत होता. त्याला वाटलं शिकवण्याची ही रीतच असेल. आबांनी काठी डाव्या हातात दिली. टाका. दोरी त्याच्या पायांत पडली. दोरी आत घ्यायला दुसरा हात हवा, तो म्हणाला. दातात धरा, आबा म्हणाले, सुकलाल बंडीची गाठ दातानेच सोडतो. मग त्याला कळलं. हसणं गेलं, पण गेटाशी लोक जमले होते आणि त्याला माघार घ्यायची नव्हती. घाम फुटेपर्यंत तो टाकत राहिला आणि आबा प्रत्येक वेळी ओरडत राहिले: आता पाणी प्या एका हाताने. आता पोराला उचला. आता लंगोट बांधा. शेवटी त्याने रागाने काठी झटकली आणि आकडा त्याच्याच कानात घुसला.

आकड्याला उलटा काटा असतो. मागे ओढला तर मांस फाटतं. टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, काटा पक्कडीने तोडायचा, मग मागे घ्यायचा. मी पक्कड आणि आयोडीन घेऊन आले. आबा खुर्चीत बसले होते.

"थांब," ते मला म्हणाले. "आधी यांना सांगू दे, हाताचं काय."

तो विव्हळत होता. माझ्या मनात काय होतं ते मला चांगलं आठवतं. तो कान फाटला असता तर मला वाईट वाटलं नसतं. पण मी त्या इस्पितळात मारेकऱ्यांच्याही जखमा धुतल्या होत्या, आणि कोणाला केव्हा सोडवायचं हे आबांनी ठरवावं याचा मला संताप आला. नाही आबा, म्हटलं, आणि त्यांच्याकडे न बघता त्याची मान धरली. काम करताना मी त्याला सगळं सांगितलं. सुकलालचा हात आला तेव्हा कसा होता. कापायला किती वेळ लागला. जमनीने काय विचारलं; तिने विचारलं होतं, कापेल हात माले दिशात का, पुरासाठी; तो तिला मातीत पुरायचा होता. कंत्राटदार म्हणाला, बास, मी बघतो काय ते. आकडा निघाला, तो गाडीत बसून गेला, आणि त्याने काहीही बघितलं नाही.

आबा माझ्याशी बोलेनासे झाले. आई म्हणाली खोल्या बदलू या. मग एका सकाळी ते आमच्या दारात आले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "तू केलंस ते बरोबर होतं. मला ते पटलेलं नाही." एवढंच बोलून ते गेले. काठी तिथेच ठेवून गेले, म्हणजे मी यायचं होतं.

यानंतरचे त्यांचे दिवस कचेऱ्यांच्या व्हरांड्यात गेले. पश्चिम खानदेशात जो जो अधिकारी बदलून येई, त्याच्यासमोर आबा जाऊन उभे राहत आणि विचारत, हाताचं काय. बसा म्हटलं तर बसत नसत. कोणी त्यांना चहा दिला, कोणी हाकललं, एकाने वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काढलं. चाळीसगावला माझी बदली झाली, मी परत आले, तरी ते चालूच होतं. शेवटी एक तरुण अधिकारी आला, त्याला बहुधा या म्हाताऱ्यापासून सुटका हवी होती. त्याने डोहात मासे मारायला बंदी केली, काठावर फळा लावला, आणि राखणदाराची जागा काढून तिथे सुकलालला नेमलं. जमनीला आम्ही ते सांगायला गेलो तर ती म्हणाली, बठ्ठं बोलनंच शे, सगळी नुसती बोलणी. पहिला पगार हातात येईपर्यंत तिने आमच्यावर विश्वास ठेवला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

एकदोन पावसाळे गेले. डोहात पुन्हा खडस दिसतात असं कोणीतरी आबांना सांगितलं. त्यांचं वय झालं होतं, डोळे अधू झाले होते, काकू गेल्या होत्या. मला सुट्टी होती, मी सोबत गेले. पाणी काळंभोर होतं. उंबराखाली पाण्यावर एक गोल उमटला, मग मोठ्या माशाची पाठ दिसली, तांबूस, जाड खवल्यांची, आणि बुडाली. आबांनी काठी जोडायला घेतली तेव्हा त्यांच्याने जोडाची कडी लागेना. मी लावून दिली. त्यांनी माशी बांधली, पायताण काढलं.

सुकलाल झाडामागून आला. खाकी सदरा, उजवी बाही टाचणीने वर टाचलेली. त्याने आबांच्या पायाला हात लावला. मग काठीसमोर उभा राहिला.

"आबा, आठे नही. बंदी शे."

आबांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "अरे गाढवा, ही बंदी मी आणली."

"तुम्हीच आनी. म्हनीसन सांगस."

आबांनी त्याला समजावलं. त्यांच्या परीने, म्हणजे ओरडून. मी मासा मारत नाही, धरतो आणि सोडतो, हे तुला माहीत आहे. सुकलाल म्हणाला, माहीत आहे, पण फळ्यावर तसं लिहिलेलं नाही. आबा म्हणाले, तुझ्या हातासाठी मी किती वर्षं उंबरे झिजवले. सुकलालने मान खाली घातली, पण बाजूला झाला नाही. आज तुम्हाले सोडं तं उद्या मुकादम यी, म्हणाला. डोहात पुन्हा गोल उमटला, आणि आम्ही तिघंही तो विरेपर्यंत बघत राहिलो. आबांनी काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं मोडली. मग त्यांनी ती उचलली आणि सुटी करायला लागले.

परतीच्या एसटीत ते सुकलालला जे बोलायला लागले ते कुसुंबा आलं तरी थांबेनात. कृतघ्न, अडाणी, फळ्याचा गुलाम. कंडक्टरने विचारलं, कोणाला म्हणताहेत? आबा म्हणाले, डोहाचा राखणदार, मला टाकू दिलं नाही त्याने, मला. सगळी गाडी ऐकत होती. मागच्या बाकावर धुळ्याचा कोणी बऱ्यापैकी कपड्यांतला माणूस होता, आबांना ओळखणारा. तो पुढे वाकून सहज म्हणाला, तुमची कचेरीत ओळख आहे ना आबा, मग काढून टाका की त्याला, दुसरा नेमा.

आबा पूर्ण मागे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांचे सगळे राग बघितले होते. हा त्यातला नव्हता.

"काढून टाका? हात तर लावून बघ त्याला."

तो माणूस उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत बसला. आणि आबा पुढे तोंड करून पुन्हा सुकलालला शिव्या द्यायला लागले.